घाटात बसणारी जुनी ओम्नी : कार्बोरेटर आणि एसी पंप बदलूनही दुखणं परत का येतं

लक्षण बहुतेकांचं एकच असतं. सकाळी थंड गाडी पहिल्या सेल्फला चालू होते. पुण्याच्या मार्केट यार्डात माल भरून होतो, हडपसर ओलांडेपर्यंत काही तक्रार नसते. वडकी मागे पडून दिवे घाटाची चढण लागली, की गाडी झटके द्यायला लागते. ॲक्सिलरेटर दाबावा तर आणखीच दबते आणि शेवटी बसते, म्हणजे बंदच पडते. सीट उचलून (इंजिन तिच्याखालीच असतं) वीस मिनिटं उघडी ठेवली, की पुन्हा चालू होते आणि सासवडपर्यंत मुकाट जाते. कात्रजच्या चढालाही हाच अनुभव येतो.

गॅरेजमध्ये नेली की उत्तर ठरलेलं असतं : "दादा, कार्बोरेटर संपलाय, नवीन टाकून घ्या." नवीन कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) पडतो, काही आठवडे गाडी छान पळते, मग पुन्हा घाटात बसते. त्यानंतर एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा यांत्रिक पंप) बदलला जातो. परत तेच.

ज्यांचं पोट या गाडीवर चालतं त्यांचे असे पैसे वाया जाताना बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. २००० सालाच्या आधीची, कार्बोरेटरवर चालणारी, मागची सीट काढून मालासाठी वापरली जाणारी ओम्नी डोळ्यांसमोर ठेवली आहे. ७९६ सीसीचं तेच तीन सिलिंडरचं इंजिन जुन्या मारुती ८०० मध्येही आहे, त्यामुळे यातलं बरंचसं तिलाही लागू पडतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की तपासणी टाकीपासून सुरू करा आणि कार्बोरेटरपर्यंत सगळ्यात शेवटी पोहोचा. नवा कार्बोरेटर बसवताना फिल्टर नवा पडतो, नळ्या हलतात, क्लिपा नव्याने आवळल्या जातात, म्हणून काही दिवस बरं वाटतं. टाकीतला गंज आणि कुजलेली नळी मात्र जागच्या जागीच असते. तो गंज नव्या कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) जाऊन बसला की खर्च केलेला भागही जुन्याच्या रांगेत जातो.

पेट्रोल कमी पडतंय की करंट?

हा निकाल गाडी बंद पडल्या जागीच लागतो, घरी आल्यावर नाही. तोवर ती थंड झालेली असते आणि दोन्ही गोष्टी ठीक दिसतात.

पेट्रोल कमी पडलं की गाडी आधी कुरकुरते. झटके, दम कमी होणं, गिअर उतरवावा लागणं, मग बंद. करंट गेला की बहुधा बटण बंद केल्यासारखी एकदम थांबते. तापलेली इग्निशन कॉइल किंवा जुन्या पॉइंटच्या डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर नेमका गरम झाल्यावरच दगा देतो आणि थंड झाला की सुधारतो. म्हणून "गरम झाली की बंद, थंड झाली की चालू" एवढ्यावरून पेट्रोलला दोष देऊ नका.

गाडी कडेला घ्या, हँडब्रेक लावा, चाकामागे दगड ठेवा, सीट उचला. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरला (पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्याला) छोटी काच असेल तर टॉर्चच्या उजेडात पेट्रोलची पातळी बघा. ती खुणेच्या आसपास असेल तर पेट्रोल पोहोचतंय, मग प्लगची ठिणगी तपासा. काच नसेल किंवा मळकट झाली असेल तर इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचं झाकण काढा आणि थ्रॉटलची तार हाताने झटकन ओढा. कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे. कोरडं राहिलं तर इंजिन उपाशी आहे. ठिणगीची तपासणी मात्र झाकण परत लावून, पेट्रोलच्या वाफेपासून लांब करायची. ओम्नीत इंजिन माणसांच्या सीटखाली आहे, हे एक क्षणही विसरायचं नाही.

आणखी एक साधी खूण आहे. झटके सुरू झाले की चोक थोडासा ओढून बघा. गाडी सुधारली तर मिश्रणात पेट्रोल कमी किंवा हवा जास्त आहे. चोकने बिघडली, मागून काळा धूर आला, प्लग काजळीने काळे निघाले, तर उलट दुखणं आहे : फ्लोटची निडल (पेट्रोलची वाट बंद करणारी सुई) नीट बसत नाही आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होतंय.

सपाटीवर का त्रास देत नाही, याचा हिशेब सोपा आहे. घाटात भरलेली गाडी ताशी ३० किलोमीटरने चढतेय आणि लिटरला ६ किलोमीटर पडतायत असं धरा. तासाला ५ लिटर, म्हणजे मिनिटाला ८० मिलिलिटरच्या वर पेट्रोल लागतं. आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) याचा काही अंशच पुरतो. टाकीतली अर्धी चोंदलेली जाळी शहरात कळतही नाही, घाटात फ्लोट चेंबर भरण्याआधी रिकामं होतं. म्हणून गॅरेजच्या दारात उभी करून रेस देऊन "झाली बघा ठीक" म्हणण्याला काही अर्थ नाही.

टाकी आणि नळ्या

पेट्रोलची कुठलीही नळी सोडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. काम उघड्यावर करा, बंद पार्किंगमध्ये नको. इंजिन पूर्ण थंड हवं. जवळ ड्राय पावडरचं अग्निशामक हवं आणि सिगारेटवाला मित्र लांब हवा. पेट्रोल धातूच्या किंवा पेट्रोलसाठीच बनवलेल्या झाकणाच्या डब्यात घ्या. पाण्याची बाटली वापरू नका, घरात मुलं असतील तर मुळीच नको.

पहिली तपासणी फुकटची आहे. गाडी झटके देऊ लागली की थांबून टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा 'फुस्स' आवाज आला आणि नंतर गाडी सरळ चालली, तर टाकीचा श्वास कोंडतोय. पेट्रोल बाहेर जाताना तेवढी हवा आत यावी लागते. ती वाट बंद झाली की पंप पोकळीशी झगडत बसतो. एखादं भलतंच झाकण बसवलेलं असेल किंवा ब्रीदरची नळी चिखलाने, कधी किड्याच्या घरट्याने बुजलेली असेल, तर नवा पंपही काही करू शकणार नाही.

मग नळ्या. या पोस्टमधलं एकच काहीतरी लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा : टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीला भेग पडली तर पेट्रोल गळेलच असं नाही. त्या भागात पंप ओढत असतो, त्यामुळे भेगेतून हवा आत जाते. खाली थेंब नाही, वास नाही, नळी वरून धडधाकट दिसते आणि पंप निम्मं पेट्रोल, निम्मी हवा ओढतो. "गळती कुठेच नाही" असं मेकॅनिक खात्रीने सांगतो ते खरंच असतं, तरी दोष तिथेच असतो. पंपाच्या आधी पेट्रोलला चालणारी पारदर्शक नळी वीतभर जोडा आणि गाडी जागेवर उभी करून, कुणालातरी रेस द्यायला लावून बघा. बुडबुड्यांची रांग दिसली की चोर सापडला. तपासणी झाली की ती नळी काढून टाका, कायमची ठेवू नका.

नळ्यांचं दुखणं अलीकडे वाढलंय त्याला कारण आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत ई२० पेट्रोल बाजारात आलं आणि आता ते जवळपास सगळीकडे मिळतं. त्यात २० टक्के इथेनॉल असतं. नव्वदच्या दशकातल्या गाडीचं रबर या इंधनासाठी बनवलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, आतून सोलवटतं आणि त्याचे काळे कण फिल्टरमध्ये येतात. फुगलेली नळी आतून अरुंद होते, ओढ बसली की चपटी होऊन मिटते. म्हणून बाहेरून बोटाने दाबून नळीची परीक्षा होत नाही, टोक कापून आत बघावं लागतं. नवीन नळी घेताना अंगावर 'एसएई जे३० आर९' छापलेली मागा. तिच्या आतला थर इथेनॉलसमोर टिकतो. साधी काळी नळी निम्म्या किमतीत मिळाली तरी घेऊ नका. क्लिपाही नव्या घ्या, कडा गोल असलेल्या. तार पिळून बांधलेली नळी पेट्रोलच्या कामात मला अजिबात मान्य नाही.

इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी पावसाळ्यात बरेच दिवस उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. पत्र्याची टाकी तिथूनच गंजते. जुना फिल्टर कापून पांढऱ्या कागदावर झटका. तांबूस भुगा पडला तर टाकी उतरवल्याशिवाय दुसरं काही करू नका. आत पेट्रोल ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाला जाळी असते. ती गंजाच्या गाळाने लेपली, की घाटात पेट्रोल कमी पडतं आणि गाडी उभी राहिली की गाळ खाली बसून जाळी मोकळी होते. वीस मिनिटांच्या विश्रांतीनंतर गाडी सुरळीत चालण्याचं हेही एक कारण असू शकतं, सगळा दोष उष्णतेचा नसतो. टाकी धुण्याचं काम अनुभवी माणसाकडेच द्या. 'रिकाम्या' टाकीत वाफ भरलेली असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. तिला गॅस किंवा वेल्डिंग लावू देऊ नका. तळ चाळणीसारखा झाला असेल तर टाकी बदलणं हाच मार्ग.

फिल्टर बसवताना बाण पंपाच्या दिशेने. टाकी धुतल्यावर पहिला फिल्टर थोडक्या दिवसांत पुन्हा बदला, राहिलेला गाळ त्यात येतोच.

उन्हाळ्यातली वाफ

एप्रिल-मे महिन्यात पुण्यात पारा चाळिशीला टेकतो. सीटखालच्या पेटीत, सायलेन्सरच्या शेजारी, त्याहून कितीतरी जास्त तापतं. पेट्रोलमधले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांनाच उकळायला लागतात. नळीत वाफ झाली की पंप वाफच चघळत बसतो. परीक्षा जुनी आणि चांगली आहे : बंद पडल्यावर ओलं फडकं पंपावर आणि त्याच्या नळीवर ठेवा. पाच मिनिटांत गाडी चालू झाली तर वाफेचा संशय पक्का. फडकं डिस्ट्रिब्युटरवर टपकू देऊ नका. उपाय म्हणजे नळी सायलेन्सरपासून लांब वळवणं, मूळचा उष्णतारोधक पत्रा कुणी काढून फेकला असेल तर परत बसवणं आणि इंजिन जास्त तापत असेल तर आधी रेडिएटर, थर्मोस्टॅट बघणं.

आता एसी पंप

एवढं सगळं निर्दोष निघालं, की पंपाकडे वळा. दुकानात फ्युएल पंप म्हणा की एसी पंप, हाच मिळतो. काम साधं आहे. कॅमशाफ्टवरचा (इंजिनात फिरणाऱ्या दांड्यावरचा) उंचवटा लिव्हरला ढकलतो, लिव्हर डायफ्राम (लवचिक पडदा) ओढतो आणि पेट्रोल आत येतं. बाहेर ढकलायचं काम स्प्रिंग करते. म्हणून दाब स्प्रिंग ठरवते, साधारण ३ ते ५ पीएसआय. दोन छोटे व्हॉल्व्ह पेट्रोल उलटं जाऊ देत नाहीत.

कॉइलची तार काढून अर्थ करा (म्हणजे इंजिनच्या धातूला जोडा), कार्बोरेटरकडे जाणारी नळी डब्यात सोडा आणि सेल्फ मारा. बॅटरी इथे जोडावी लागते, म्हणून डबा इंजिनपासून लांब हवा. जोरदार, सलग पिचकाऱ्या आल्या तर पंप ठीक. बुडबुडे आले तर मागच्या नळ्यांकडे परत जा. धार मरतुकडी असेल तर पंप काढा, आत येणाऱ्या तोंडावर बोट धरून लिव्हर दाबा आणि सोडा. बोट काही सेकंद ओढून धरलं पाहिजे. नाही धरलं तर व्हॉल्व्ह किंवा डायफ्राम गेला.

डायफ्राम फाटल्याची दुसरी खूण डिपस्टिकवर दिसते. ऑइलची पातळी वाढलेली आणि त्याला पेट्रोलचा वास. असं दिसलं तर गाडी त्याच ऑइलवर चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगं खातं आणि मग पंपाचा खर्च किरकोळ वाटायला लागतो. पंपासोबत ऑइल आणि ऑइल फिल्टर त्याच दिवशी बदला.

नवीन पंप नाना पेठेत घ्यायला जाताना जुना पंप पिशवीत न्या. लिव्हरची लांबी, बाक, नळ्यांच्या तोंडांची दिशा, बोल्टमधलं अंतर शेजारी-शेजारी ठेवून जुळवा. डुप्लिकेट पंपाचा लिव्हर किंचित आखूड असला तरी तो बसतो, चालतो, पण पूर्ण ओढत नाही, आणि घाटात कळतं. पंप आणि इंजिनमधलं जाड पॅकिंग उष्णता अडवतं आणि लिव्हरची हालचालही ठरवतं. दोन पॅकिंगं एकावर एक लावली तर ओढ कमी होते, पातळ लावलं तर लिव्हरवर ताण येतो. मूळ होतं तितकंच ठेवा.

बसवताना इंजिन हाताने फिरवून उंचवटा लिव्हरपासून दूर न्या, म्हणजे पंप हाताच्या दाबाने सपाट टेकतो. बोल्टने ओढून बसवावा लागत असेल तर थांबा, काहीतरी अडतंय. मध्ये रॉड असेल तर पंप काढताना तो निसटत नाही ना, हे बघा. पंपाला तीन तोंडं असतील तर एक परतीचं असतं. कार्बोरेटरची आणि परतीची नळी उलटसुलट लागली, तर बरंचसं पेट्रोल टाकीतच परत जातं आणि गाडी पहिल्याच चढाला बसते. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, नळ्यांना चिकटपट्टीचे तुकडे लावा.

काही जण इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप बसवतात. असं कृपा करून करू नका. त्याचा दाब यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. निडल तो पेलू शकत नाही, पेट्रोल ओसंडून गरम इंजिनावर पडतं आणि वर माणसं बसलेली असतात. कार्बोरेटरसाठीचा कमी दाबाचा पंप मिळतो, पण इंजिन बंद पडताच तो आपोआप बंद होईल अशी जोडणी जमत नसेल तर मूळचा यांत्रिक पंपच बरा.

कार्बोरेटर : दुरुस्ती की बदल?

बहुतेक वेळा दुरुस्ती. निडल-सीट, अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम, पॅकिंग आणि ओ-रिंग असलेला किट मिळतो. उघडताना प्रत्येक जेट कुठून निघाला ते लिहून ठेवा. जेटमध्ये तार घालायची नाही, पितळेचं भोक जरा जरी मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. कार्बोरेटर क्लीनर आणि कंप्रेसरची हवा पुरते, मात्र हवा मारण्याआधी डायफ्राम काढलेले हवेत आणि डोळ्यांवर चष्मा हवा. फ्लोट हलवून ऐका : आत पेट्रोल खळखळलं तर तो भोक पडून जड झालाय.

बदलायचा केव्हा? थ्रॉटलची दांडी तिच्या भोकात डुगडुगायला लागली असेल तर. तिथून हवा शिरते, आयडल कधीच टिकत नाही आणि कुठलाही किट ते भरून काढत नाही. पाण्याने फ्लोट चेंबर आतून पांढरं पडून खडबडीत झालं असेल, किंवा आवळून आवळून बॉडी वाकली असेल आणि काचेवर ठेवल्यावर खाली फट दिसत असेल, तरीही बदला. जुना मूळ कार्बोरेटर चांगल्या अंगाचा असेल तर स्वस्तातल्या नव्यापेक्षा किट घातलेला जुना मी केव्हाही पसंत करेन.

बसवताना खालचा उष्णतारोधक ठोकळा आणि दोन्ही बाजूंची पॅकिंगं नवी हवीत. नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या फोटो बघून जोडा. एखादी मोकळी राहिली तर गाडी आयडलला थरथरते आणि दोष नव्या कार्बोरेटरवर जातो. आयडलचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा छोटा व्हॉल्व्ह) असेल तर चावी फिरवल्यावर 'टिक' ऐकू आला पाहिजे. तो मेला असेल तर रेसवर चालते आणि सोडली की बंद पडते, बाकी सगळं ठीक असूनही.

मिश्रणाचा स्क्रू हळूच टेकवून दोन-अडीच फेरे बाहेर घ्या, इंजिन पूर्ण गरम करा आणि बारीक सेटिंग पीयूसी केंद्रातल्या मशीनवर करून घ्या. बीएस-२ (भारत स्टेज-२) या प्रदूषण निकषांच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. त्याच्या बरंच आत गाडी सहज येते. मात्र पीयूसी पास व्हावी म्हणून स्क्रू फारच आत पिळून घेऊ नका, मिश्रण पातळ होऊन आयडल बिघडतं.

सगळं करूनही चढावर किंचित अडखळणं उरलं, प्लगचं टोक पांढरट निघालं आणि चोकने सुधारलं, तर ई२० चा वाटा असू शकतो. एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. इंजेक्शनची गाडी सेन्सरने हे भरून काढते, कार्बोरेटरचं भोक ठरलेलं असतं. त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं. तेव्हा मेन जेट एकच पायरी मोठा घालून बघण्यात तथ्य आहे. हा उपाय सगळ्यात शेवटचा, हवेची गळती कुठेही अजिबात नाही याची खात्री झाल्यावरच.

परीक्षा रिकाम्या गाडीची घेऊ नका. नेहमीचा माल भरून, दुपारच्या उन्हात, दिवे घाट पूर्ण चढून वर झेंडेवाडीपाशी थांबा. सीट उचलून प्रत्येक जोडावर कोरडा कागद टेकवून बघा. कागद ओला झाला तर ती क्लिप तिथेच, इंजिन थंड झाल्यावर, नीट करा आणि मगच पुढे निघा.